वही आधी, माईक नंतर : कॉलेजातल्या पोरांमधून कामाची माणसं घडवण्याची पद्धत

आमच्या तालुक्याच्या चौकात कायम चार-दोन फ्लेक्स लागलेले असतात. गॉगल, पांढरा शर्ट, कानाला फोन लावलेला फोटो, वर 'युवा नेते' आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीसेक पासपोर्ट फोटो. त्या चाळिसातले आठ-दहा जण माझ्या हजेरीपटावरचे निघतात. या पोरांना मी नावं ठेवत नाही. पुढारपण म्हणजे काय, हे त्यांना चौकानं दाखवलं. कॉलेजनं दुसरं काही दाखवलंच नाही.

मी मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगराच्या पट्ट्यातल्या एका कॉलेजात शिकवतो. बरीच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. नेतृत्व विकासाच्या कार्यशाळा भरपूर पाहिल्या, दोन-तीन घेतल्याही. प्रमाणपत्रं वाटली, ग्रुप फोटो काढले. त्या कार्यशाळेमुळे पोरगं बदललं, असं मात्र एकदाही पाहिलं नाही. ज्याच्या हातात खरं काम, खरे पैसे आणि पाळायची तारीख पडली, आणि जे काम फसण्याची खरीच शक्यता होती, ती पोरं सहा महिन्यांत ओळखू येईनाशी झालेली पाहिली आहेत. खालची पद्धत त्यातून आलेली आहे. नव्या कार्यक्रम अधिकाऱ्याला ती उपयोगी पडेल. कुणी सर-मॅडम पाठीशी नसले तर विद्यार्थ्यांनी स्वतःही वापरावी.

पहिली पायरी : माणूस हेरा, अर्ज मागवू नका

'ज्यांना नेतृत्वाची आवड आहे त्यांनी नावं द्यावीत' अशी नोटीस लावली की नेमकी तीच पाच नावं येतात, जी प्रत्येक कार्यक्रमात येतात. स्वागतगीत, सूत्रसंचालन, आभार. ही मुलं गुणी असतात, पण त्यांना माईक आधीच मिळालेला असतो.

मी जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर नुसता बघतो. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कुणाला भरता येईना, तर वर्ग कुणाकडे जातो? नोट्सच्या झेरॉक्सचे पैसे कोण गोळा करतं आणि उरलेली चिल्लर कोण परत देतं? परीक्षेच्या दिवशी गावाकडची एसटी आली नाही, तर जीप ठरवून सगळ्यांना कोण घेऊन येतं? या तीन प्रश्नांची उत्तरं वर्गातल्या कुणालाही विचारा, बिनचूक मिळतात. त्यातली निम्मी नावं प्राध्यापकांना माहीतही नसतात.

अशीच एक मुलगी मला शिपायाकडून कळली. कॉम्प्युटर लॅबमध्ये रोज दुपारी बसून ती दुसऱ्यांचे अर्ज भरायची. कुणाचं जातीचं प्रमाणपत्र बाकी आहे, कुणाचं बँक खातं आधारला जोडलेलं नाही, हे सगळं तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं. "शिबिराचं कोठार सांभाळशील का?" म्हटलं तर म्हणाली, "सर, मला बोलायला नाही जमायचं." म्हटलं, बोलायचं काहून? मोजायचंय.

दुसरी पायरी : वेळ एसटी बघून ठरवा

हे इतकं साधं आहे की कुणी लिहीत नाही. बैठक दुपारी चारनंतर ठेवली की तालुक्याच्या गावात राहणारी मुलं तेवढी उरतात. खेड्यावरून येणाऱ्यांची शेवटची सोयीची गाडी निघून जाते. त्यात मुलींना तर पर्यायच नसतो, त्या उठून जातात. मग आपण म्हणतो, ग्रामीण मुली पुढे येत नाहीत. बैठक मधल्या सुट्टीत किंवा मोकळ्या तासाला, चाळीस मिनिटांत संपणारी ठेवा.

वर्षाचा अंदाजही शेतीवरून घ्यावा लागतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत निम्मा वर्ग रानात असतो. दसरा-दिवाळीच्या पुढे आई-बाप ऊसतोडीला गेले की घर, गुरं आणि धाकटी भावंडं सांभाळायला कॉलेजातलंच पोरगं मागं राहतं. त्याला 'बेजबाबदार' म्हणण्याआधी त्याच्या घरची जबाबदारी विचारा. सोळाव्या वर्षापासून घर चालवणाऱ्या मुलाला आपण नेतृत्व शिकवायला निघालेलो असतो, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

तिसरी पायरी : पंधरा दिवसांचं एक काम, एकाच्या नावावर

'स्वच्छता समिती', 'सांस्कृतिक समिती' अशा समित्या करू नका. समितीत सगळे असतात म्हणजे कुणीच नसतं. एक काम, एक नाव, एक तारीख. रविवारी वाचनकक्ष उघडा ठेवायचा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला झाकण बसवून घ्यायचं. एसटीची वेळ बदलून घ्यायची.

शेवटच्या कामाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मार्गावर निघतंच आणि त्यात बहुतेक सगळं शिकायला मिळतं.

आमच्याकडे एका मार्गावरची सकाळची गाडी पहिला तास अर्धा झाल्यावर पोचायची. पोरांची पहिली सूचना ठरलेली: "सर, रास्ता रोको करू." मी म्हटलं, करा, पण आधी अर्ज द्या. अर्ज लिहिला दुसऱ्या वर्षाच्या एका मुलानं. पहिला मसुदा दीड पानाचा, त्यात 'विद्यार्थ्यांवर होणारा घोर अन्याय' दोनदा आणि गाडीची वेळ एकदाही नाही. तो मी दुरुस्त करून दिला नाही. एवढंच विचारलं: आगार व्यवस्थापकांनी हा वाचून नेमकं काय करायचं?

तिसऱ्या मसुद्यात काम झालं. गाडीचा मार्ग, सध्या सुटण्याची वेळ, हवी असलेली वेळ. पासधारक किती, पैकी मुली किती, थांब्यानुसार यादी आणि प्रत्येकाची सही. ही यादी करायला त्याला चार गावं फिरावी लागली. एका गावातल्या मुलांशी त्याच्या गावाचं क्रिकेटवरून भांडण होतं, तिथंही जावं लागलं. माझ्या दृष्टीनं शिक्षण तिथंच झालं. गाडी नंतरची.

मग आगारात. पाच जणांपेक्षा जास्त जायचं नाही, एकानंच बोलायचं, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. पोच हा शब्द मुलांना नवा असतो. साहेब गोड बोलले, चहा पाजला, 'बघतो' म्हणाले, आणि ही मंडळी खुशीत परत आली. पोच कुठे? नाही घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. गेला बिचारा, दुपारभर बाकावर बसून शिक्का घेऊन आला. पंधरा दिवसांनी त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र. त्यानंतरही हालचाल नसती, तर माहिती अधिकाराचा अर्ज होताच. 2005 चा कायदा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर: 'अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली?' तिथवर वेळ आली नाही. गाडी पंचवीस मिनिटं अलीकडे आली. हवी होती चाळीस, पण पहिला तास मिळू लागला.

रास्ता रोकोत त्या मुलाचा फोटो पेपरात आला असता. या कामात नाही आला. पण पुढच्या वर्षी गावातल्या म्हाताऱ्या बायका निराधार योजनेचे कागद घेऊन त्याच्या दारात यायला लागल्या.

चौथी पायरी : टोळी मिसळा

कॉलेजात येताना मुलं आपापलं गाव आणि आपापली जात घेऊन येतात. हे लिहायला बरं वाटत नाही, पण व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघा. कोण कुणाबरोबर डबा खातं ते बघा. ज्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्यावरून इथं घरं जळाली आणि 14 जानेवारी 1994 ला ज्याचा नामविस्तार झाला, त्या विद्यापीठाच्या पट्ट्यात शिकवणाऱ्यानं हा विषय टाळू नये. आपल्याच जातीच्या, आपल्याच गावाच्या पोरांचा नेता होणं सोपं असतं. त्याला कॉलेजची गरज नाही.

उपाय भाषणाचा नाही, वाटणीचा आहे. सहा-सात जणांचा गट करताना एका गावाचे दोनच, एका शाखेचे दोनच, हॉस्टेलचे आणि जा-ये करणारे मिसळून. गटाची यादी मी स्वतः करतो आणि बदलून देत नाही. पहिले दोन दिवस कुरकुर होते. स्वयंपाक, वाढणं, भांडी, झाडलोट ही कामं फिरती ठेवायची. सगळ्यांना सगळी. पोरांनी एकदा पन्नास माणसांची भांडी घासली की 'मुलींचं काम' हा शब्द निदान शिबिरापुरता बंद होतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सवय मोडावी लागते. अध्यक्ष मुलगा, सचिव मुलगी, आणि तिच्याकडे रांगोळी, औक्षण, पाहुण्यांना फुलं. हिशेब, गावाशी बोलणी आणि वाहनाची व्यवस्था ही कामं जाणूनबुजून मुलींच्या नावावर टाका. मुक्कामाच्या शिबिराला घरून परवानगी मिळत नसेल तर फोनवर बोलून भागत नाही. मी सहकारी मॅडमना घेऊन घरी जातो, आधी पाठवलेल्या मुलीच्या आईला सोबत नेतो. दुसऱ्या आईचा शब्द प्राध्यापकाच्या शब्दापेक्षा जड पडतो.

पाचवी पायरी : सात दिवसांचं शिबिर, आणि कोठाराची किल्ली

राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे रासेयोची, रचना या कामासाठी तयार हत्यार आहे. 24 सप्टेंबर 1969 ला ती सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर. दुर्दैवानं बऱ्याच ठिकाणी शिबिर म्हणजे उद्घाटन, रोज दुपारी पाहुण्यांचं व्याख्यान आणि समारोप. मुलं सतरंजीवर बसून नेतृत्वाबद्दल ऐकत राहतात.

मी व्याख्यानं दोनवर आणली आणि कोठाराची किल्ली मुलांकडे दिली. म्हणजे ती मघाची अर्ज भरणारी मुलगी. पन्नास जण, सात दिवस. माणशी दोन भाकरी धरल्या तर दोन वेळच्या दोनशे. त्या गावातल्या बचत गटाकडून घ्यायच्या की पीठ नेऊन शिबिरातच थापायच्या? डाळ किती, तेल किती, गॅस संपला तर सरपण कुठून? तिनं वहीत रकाने आखले: आलेला माल, वापरला, शिल्लक, कुणी नेला, सही. मलाही चहाची साखर सही केल्याशिवाय मिळेना.

चौथ्या दिवशी तेल कमी पडलं. अंदाज चुकला होता, कारण तिसऱ्या दिवशी पोरांनी हट्टानं भजी केली होती. ती माझ्याकडे रडवेली होऊन आली. इथं माझी जुनी चूक सांगतो. आधीच्या एका शिबिरात हिशेबात 340 रुपये कमी आले होते आणि मी गुपचूप खिशातून भरले. वाटलं, पोराला कशाला लाजवा. परिणाम असा झाला की त्या पोरानं पुढच्या वर्षी गणेशोत्सवाचा हिशेबही तसाच दिला, आणि गावानं त्याला चांगलंच धरलं. दोष माझा होता. म्हणून यावेळी मी पैसे काढले नाहीत. म्हटलं, रात्रीच्या बैठकीत मांड.

तिनं मांडलं. वही वाचून दाखवली, भज्यांना किती तेल गेलं तेही. दहा मिनिटं आरडाओरडा झाला, मग भजीवाल्या गटानंच ठरवलं की उरलेले दिवस फोडणी कमी आणि पिठलं जास्त. ज्या मुलीला बोलायला जमत नव्हतं, ती पन्नास जणांसमोर पाऊण तास उभी होती. कारण हातात आकडे होते.

सहावी पायरी : गावाचं ऐकायला शिकवा

शिबिरात सर्वेक्षण करतात, ते बहुतेक वेळा फॉर्म भरून कपाटात जातं. फॉर्म छोटा ठेवा, दहा प्रश्नांचा. आणि एक अट घाला: निघालेली माहिती ग्रामसभेत गावासमोर वाचायची. ही अट घातली की मुलं खोटं भरत नाहीत, कारण ऐकणारा माणूस समोर बसलेला असतो.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते देशानं पाहिलं. त्याच उन्हाळ्यात आमच्या दत्तक गावात टँकरवर रोज भांडणं व्हायची. 'वरच्या आळीला जास्त सोडलं.' बीएस्सीच्या एका मुलाला आम्ही एवढंच काम दिलं: टँकर आला की वेळ, खेप, कुठल्या विहिरीत किंवा टाकीत रिकामा केला, दोन गावकऱ्यांच्या सह्या. पहिल्या आठवड्यात त्याला शिव्या बसल्या. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही आळ्यांची माणसं भांडण काढण्याआधी त्याची वही मागायला लागली. त्यानं एकदाही भाषण केलं नव्हतं.

आपल्याकडच्या इतिहासातही हीच गोष्ट आहे, फक्त आपण ती अर्धी सांगतो. 1938 मध्ये निजामी राजवटीत वंदे मातरम म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर कारवाई झाली, औरंगाबादच्या कॉलेजातही आंदोलन झालं, आणि काढून टाकलेल्या अनेकांना पुढं नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आम्ही त्या घोषणेबद्दल बोलतो. परक्या गावात इतक्या मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय करायला कुणाला किती दारं ठोठवावी लागली असतील, हे कुठल्याच भाषणात येत नाही. त्या मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थही आधी शाळामास्तर होते, हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला. वेळापत्रक, हजेरी, वसतिगृह सांभाळलेला माणूस.

सातवी पायरी : काम झाल्यावर तिसऱ्या दिवशी बसा

त्याच दिवशी नको. सगळे थकलेले आणि एकमेकांवर खूश किंवा चिडलेले असतात. पंधरा दिवसांनी विसरतात. तिसऱ्या दिवशी चार प्रश्न: काय ठरलं होतं? काय झालं? फरक का पडला? पुढच्या खेपेला काय बदलायचं? सर्वांत गप्प असणाऱ्यापासून सुरुवात करायची आणि मुख्य माणसानं शेवटी बोलायचं. उत्तरं इतिवृत्ताच्या वहीत, बोलणाऱ्याच्याच शब्दांत. 'सर्वानुमते समाधान व्यक्त करण्यात आले' असं लिहिलेलं दिसलं की मी पान फाडायला लावतो.

आता माईक

दोन-तीन कामं पार पडली की मुलांना बाहेरच्या मैदानात उतरवा. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या दोन्ही विद्यापीठांचे युवक महोत्सव आहेत, तिथून पुढं राज्यपातळीवर 'इंद्रधनुष्य' आहे. संशोधनाकडे ओढा असेल तर 'आविष्कार'. आपत्ती व्यवस्थापनाचं 'आव्हान' शिबिर मला सर्वांत उपयोगाचं वाटतं, कारण तिथं दोर, स्ट्रेचर आणि घड्याळ यांच्याशी गाठ असते. एनसीसी असेल तर शिस्तीचा पाया आयताच मिळतो.

विद्यार्थी परिषदेचं विचाराल, तर 1994 च्या कायद्यानं थेट निवडणुका गेल्या आणि गुणवत्ता यादीवरून प्रतिनिधी नेमणं आलं. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद परत आली. माझं मत स्पष्ट आहे: निवडणुका व्हाव्यात. पण ज्या कॉलेजात आधी कामाच्या वह्या तयार नसतील, तिथं त्या निवडणुकीत चौकातलाच फ्लेक्स जिंकेल. परिषदेत रासेयो, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक विभागाचे प्रतिनिधीही असतात. त्या जागांवर कोठार सांभाळलेली, टँकर मोजलेली मुलं बसवणं प्राचार्यांच्या हातात आहे.

भाषण शिकवायचं ते याच टप्प्यावर. तीन मिनिटं, स्वतः केलेल्या एकाच कामाबद्दल, आपल्या घरच्या बोलीत. 'आदरणीय व्यासपीठ' पासून सुरू झालं तर पुन्हा.

शेवटची पायरी : वही पुढच्याच्या हातात

तिसऱ्या वर्षाला मुलं निघून जातात. पुण्याला, संभाजीनगरला, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, नाहीतर वाळूजच्या कंपनीत. त्यांच्याबरोबर सगळं जाऊ नये म्हणून दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीतच प्रत्येकानं आपल्या कामासाठी पहिल्या वर्षातला एक जण निवडायचा आणि महिनाभर सोबत ठेवायचा. सुपूर्द करायच्या वहीत हे हवं: कुणाला भेटायचं, कोणत्या टेबलावर काम अडतं, कोणत्या दुकानात उधारी चालते, काय चुकलं.

त्या मुलीनं कोठाराची वही सोपवली तेव्हा मी शेवटचं पान पाहिलं. रकाने संपल्यावर खाली तिनं लिहिलं होतं: 'भजी करायची असतील तर पहिल्या दिवशीच करा. तेल तेव्हा जास्त असतं आणि सर पण खुशीत असतात.'